आडोशाला गेलेली डिस्क

“मग सांग, यंत्र जागं झालं की पहिल्यांदा काय करतं?”

प्रश्न वासंतीला होता. उत्तर त्र्यंबकनं दिलं.

“फर्मवेअर मेमरी तपासतं, मग डिस्क शोधतं, डिस्कवरचा बूटलोडर उचलतं, बूटलोडर कर्नल चढवतो, मग कर्नल...”

“तुला नव्हतं विचारलं,” अच्युतबुवा म्हणाले.



वासंतीनं ओठातला स्क्रू काढला. “चाचपडतं,” ती म्हणाली. “माणूस झोपेतून उठल्यावर उशाशी चष्मा चाचपडतो ना, तसं. आपलं काय काय जागेवर आहे ते बघतं.”

बुवा हसले. दाढी हलेपर्यंत हसले. “चाचपडतं! वा, बाई. चाचपडतंच.”

त्र्यंबकला मठात येऊन बरीच वर्षं झाली होती. त्याच्या एकाही उत्तरावर बुवा असे हसले नव्हते.

माणदेशातल्या एका बोडक्या टेकडीवर गोसाव्यांचा हा मठ. अच्युतबुवा पूर्वाश्रमी पुण्यात एका मोठ्या संस्थेतली संगणकांची खोली सांभाळायचे. पुढं भगवी वस्त्रं अंगावर आली, पण तो नाद काही सुटला नाही. शहरातल्या कचेऱ्या जुने लॅपटॉप मोडीत काढत. बुवा ते मागून आणत, उघडत, पुसत, त्यांच्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली चढवत आणि आसपासच्या शाळांना देऊन टाकत. धुनीशेजारच्या ओवरीत एका लांब फळीवर ही यंत्रं मांडलेली असत. येणारे भाविक आधी समाधीला नमस्कार करत आणि मग, कशाला उगाच वाकडं, म्हणून फळीलाही करत.

त्र्यंबक इंजिनिअरिंग कॉलेजातली मास्तरकी सोडून बुवांकडे आला होता. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. पडद्यावर चुकीची ओळ उमटायच्या आत तो तिचं कारण सांगायचा.

वासंती ढोबळे त्याच्या खूप मागून आली. ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. बिनपगारी रजा टाकून आली होती. काम करताना स्क्रू ओठात धरायची. चुकायची, आणि चुकल्यावर “अगं बाई!” म्हणून मोठ्यानं हसायची. मनात येईल ते विचारायची. आणि बुवा तिच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचे.

आधी त्र्यंबकला वाटलं, आपल्याला तिचा अघळपघळपणा खटकतो. मग वाटलं, मठाची शिस्त बिघडते म्हणून आपण चिडतो. एकदा जेवताना बुवांनी तिच्या हातची अंबाडीची भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली, तेव्हा त्याला घास गिळवेना. तेव्हा कुठं त्याला कळलं, याचं नाव दुसरंच आहे.

नाव कळल्यानं जळणं काही कमी झालं नाही.

त्या दिवशी हसून झाल्यावर बुवा म्हणाले, “हिंगणवाडीच्या शाळेत यंत्रांची खोली उघडतेय. ती वासंती सांभाळेल. उद्या तिथले ऐवळे गुरुजी जीप घेऊन येतील. मुख्य यंत्र तिनं तयार केलंय, ते बरोबर जाईल.”



त्या खोलीचा विषय पहिल्यांदा काढला होता तो त्र्यंबकनं. टेबलं कुठं मांडायची, वायर कुठल्या भिंतीनं न्यायची, मुलांना पहिल्या दिवशी काय दाखवायचं, सगळं त्याच्या मनात मांडून झालेलं होतं.

“मी...?” तो म्हणाला.

“तू काय?”

“काही नाही, बुवा.”

दुपारी जेवणं झाल्यावर मठ आडवा झाला. वासंती खाली आडावर भांडी घेऊन गेली होती. ओवरीत कुणी नव्हतं. त्र्यंबकनं तिचं यंत्र फळीवरून उचललं, पालथं केलं आणि पाठ उघडली. आतली डिस्क म्हणजे एक चिंचोळी पट्टी. एका टोकानं खाचेत घुसलेली, दुसऱ्या टोकाला एक बारीक स्क्रू. तो स्क्रू त्यानं सैल केला. पट्टी खाचेतून केसभर मागं ओढली. बास.

पाठ लावताना मात्र सगळे स्क्रू नेहमीसारखे नीट आवळले. नीटनेटकं काम करायची सवय अशा कामातही सुटली नाही.

मोडलं तर काहीच नव्हतं. उद्या यंत्र सुरू होणार नाही, बाई घाबरी होईल, इकडं तिकडं बघेल. मग आपण पुढं व्हायचं. चार ठिकाणी शोधल्यासारखं करायचं, शेवटी पाठ उघडायची, पट्टी आत ढकलायची. बुवा बघतील. गुरुजीही बघतील.

एवढंच त्याला हवं होतं. बघावं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वासंतीचा आवाज ऐकू आला नाही. आंघोळ, आरती, न्याहारी... ती कशालाच फिरकली नाही. ओवरीच्या कोपऱ्यात यंत्र मांडीवर घेऊन बसली होती. त्र्यंबक दोनदा तिच्या शेजारून गेला. एकदा तिनं वर बघितलं आणि म्हणाली, “दादा, जरा बघता का? हे उठतच नाहीये.”

“हातातलं उरकतो आणि येतो,” तो म्हणाला.

हातात काही नव्हतं. तो समाधीमागं जाऊन उभा राहिला. आत कुठंतरी गार वाटलं, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी पोटात उतरावं तसं. आणि त्या गारव्याचीच त्याला किळसही आली. पण गेला नाही तो लगेच.

जीप आली. ऐवळे गुरुजी उतरले. टोपी सारखी करत ओवरीत आले. बुवाही आले आणि घोंगडीवर टेकले.

“काय गं?” बुवांनी विचारलं.

“बुवा, यंत्र उठत नाही.”

बुवांनी त्र्यंबककडे पाहिलं. “बघ बरं.”

त्र्यंबक फळीशी बसला. वासंती त्याच्या शेजारी सरकली. त्यानं बटण दाबलं आणि वाट बघू लागला. आता काळा पडदा येणार, त्यावर एकच ओळ येणार, की सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही. पुढची वाक्यं त्याच्या जिभेवर तयार होती.

पडद्यावर कंपनीची खूण उमटली. मग बूटलोडरची यादी आली. मग पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभरा वर सरकू लागल्या.



इथवर यायलाच नको होतं. डिस्क सैल असताना यंत्र एवढं पुढं येईलच कसं?

ओळी थांबल्या. बराच वेळ काहीच नाही... मग यंत्रानं सांगितलं, की मूळ डिस्क सापडत नाही. खाली कर्सरचा एक रिकामा ठोकळा लुकलुकत राहिला.

“सकाळी इथपर्यंतसुद्धा येत नव्हतं, दादा,” वासंती म्हणाली. “मग मी पाठ उघडली. डिस्क सैल होती. मीच नीट बसवली नसणार. ती बसवली, तेव्हा इथपर्यंत आलं. पण याच्यापुढं हलत नाही.”

“तुम्ही बसवली?”

“हो. दोनदा काढून बसवली.”

ऐवळे गुरुजींनी विचारलं, “अवघड दुखणं आहे का हो?”

 त्र्यंबकला ठाऊक असलेलं दुखणं तर बरं झालेलं होतं. हे कुठलं दुसरंच होतं. ओढताना पट्टीला काही झालं का? खाचेतली बारीक तार तुटली का? आपल्याच हातानं...?

कुणाला विचारणार? काय म्हणून विचारणार?

“बघतो,” तो म्हणाला.

त्यानं यंत्र बंद केलं, परत लावलं, लावता लावता फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगच्या, पानावर गेला. तिथं डिस्कचं नाव स्वच्छ दिसत होतं.

“इथं दिसते की!” वासंती म्हणाली. “मग तिथं का दिसत नाही?”

“इथं बघणारा वेगळा आहे. हे यंत्राचं स्वतःचं बघणं. याला डिस्क दिसली, म्हणून त्यानं तिच्यावरचं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उचलून मेमरीत ठेवलं. कर्नल उठलं की ते सगळं नव्यानं, आपल्या डोळ्यांनी बघतं. दुसऱ्यानं बघितलेलं ते धरून चालत नाही.”

“म्हणजे एकाला दिसते, एकाला नाही?”

“हो.”

“मग डिस्क धड आहे.”

त्र्यंबकनं तिच्याकडे पाहिलं. खरंच की! डिस्क मेली असती तर इथवरही काही आलं नसतं. त्याच्या छातीवरचा धोंडा जरासा सरकला. हे त्याचं त्याला सुचायला हवं होतं.

मग त्यानं पेनड्राइव्ह लावला आणि त्याच्यावरचं लिनक्स सुरू केलं.

“हे कशाला?”

“घरातलं माणूस आजारी असेल तर बाहेरचा वैद्य आणायचा. डिस्कवरची व्यवस्था बिघडली असेल, तर पेनड्राइव्हवरच्या लिनक्सला डिस्क दिसेल.”

दिसली नाही.

“म्हणजे व्यवस्था नाही बिघडलेली,” वासंती म्हणाली.

“नाही. वाटेत काहीतरी आहे. डिस्क आणि कर्नल यांच्या मध्ये.”

ती विचारत गेली आणि तो सांगत गेला. जोडलेली उपकरणं कुठल्या आज्ञेनं बघायची, पट्टीची डिस्क कुठल्या नावानं दिसायला हवी, ड्रायव्हर म्हणजे काय, तो चढलाय का हे कसं ओळखायचं. जे त्यानं आजवर कुणाला फुकाचं सांगितलं नव्हतं, जे त्याला स्वतःला कित्येक वेळा तोंडघशी पडून कळलं होतं, ते त्याच्या तोंडून ओघानं बाहेर पडू लागलं. ऐवळे गुरुजी भिंतीला टेकून पेंगू लागले. ऊन ओवरीच्या पायरीवरून खाली उतरलं. मधे कुणीतरी ताक आणून ठेवलं, ते तसंच राहिलं.

मध्येच त्याच्या लक्षात आलं, की आपण बराच वेळ बुवांकडे पाहिलेलंच नाही.

आणि लक्षात आल्याबरोबर त्यानं पाहिलं. बुवा त्याच्याकडे बघत नव्हते. वासंतीकडेही नाही. डोळे मिटून बसले होते.

त्र्यंबक परत पडद्याकडे वळला. कर्नल उठताना काय काय बोललं त्या सगळ्या ओळी त्यानं काढल्या आणि झरझर वर सरकवल्या. “यात काही नाही.”

“वाच,” बुवा म्हणाले. डोळे मिटलेलेच.

“वाचलं, बुवा.”

“मोठ्यानं.”

त्र्यंबकचे कान तापले. पहिलीतल्या पोरासारखं, गुरुजींच्या देखत, तिच्या देखत! पण त्यानं वाचायला घेतलं. एकेक ओळ. मेमरी किती, प्रोसेसर कुठला, बॅटरी आहे, झाकण उघडं आहे, कळफलक सापडला, कॅमेरा सापडला...

आणि मग एक ओळ. अशा शेकडो ओळींमध्ये दबलेली. इंग्रजीतच होती, पण अगदी सरळ. एक डिस्क सापडली आहे. ती दुसऱ्या नियंत्रकाच्या आड ठेवलेली आहे. फर्मवेअरमधलं सेटिंग बदला, म्हणजे वापरता येईल.

त्र्यंबकनं ती पुन्हा वाचली. हळू.

“हे मघाशीही होतं?” वासंतीनं विचारलं.

“होतं.”

“मग तुम्हाला...”

“नाही दिसलं.”

तो फर्मवेअरच्या पानावर गेला. डिस्क कर्नलला सरळ दाखवायची की आडोशाला ठेवायची, ते ठरवणारा पर्याय तिथं होता. मठातल्या सगळ्या यंत्रांवर तो एएचसीआयवर, म्हणजे सरळ दाखवण्यावर, असायचा. इथं दुसराच होता.

“एएचसीआय हवं, हे बदललेलं आहे,” तो म्हणाला. “कुणी बदललं?”

वासंतीचा चेहरा उतरला.

“मी,” ती म्हणाली. “सकाळी काहीच दिसेना, तेव्हा मी घाबरून गेले. या पानावर आले आणि दिसेल ते फिरवून बघितलं. मग पाठ उघडली, डिस्क बसवली, आणि हे फिरवलेलं विसरूनच गेले.”

त्र्यंबकनं पर्याय पूर्ववत केला. यंत्र पुन्हा लावलं. खूण, यादी, ओळी... आणि पडदा उजळला.

ऐवळे गुरुजी जागे झाले होते. पुढं येऊन त्यांनी उजळलेला पडदा पाहिला, मग वासंतीकडे, मग त्र्यंबककडे.

“बुवा, राग मानू नका,” ते म्हणाले. “ताई चांगल्या आहेत. पण आमच्याकडे शाळेत विचारायला दुसरं कोण असणार? अशी घाबरगुंडी उडाली तर? त्र्यंबकरावांनाच द्या की आमच्याकडे.”

“बरोबर आहे गुरुजींचं,” वासंती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “डिस्क मीच सैल ठेवली, सेटिंगही मीच बिघडवलं. दादांनाच पाठवा, बुवा.”



त्र्यंबकला हवं होतं ते सगळं समोर येऊन बसलं होतं. गुरुजींचा शब्द, तिची मान खाली, शाळेची खोली. त्यानं हात पुढं करायचा नव्हता की तोंड उघडायचं नव्हतं. फक्त बसून राहायचं होतं.

बुवांनी डोळे उघडले.

“झालं का रे? बिघाड सापडला?”

“सापडला, बुवा.”

“सगळा?”

त्र्यंबकनं होय म्हणायला ओठ उघडले. शेजारी वासंती पेनड्राइव्हचं टोपण बसवत होती. ते नीट बसत नव्हतं, आणि ती ते परत परत दाबत होती.

“नाही,” तो म्हणाला.



“डिस्क तिनं सैल ठेवलेली नव्हती. मी केली. काल दुपारी, ती आडावर गेली होती तेव्हा.”

ऐवळे गुरुजी “आँ?” म्हणाले आणि पुढं काय म्हणावं ते न कळून टोपी काढून हातात घेतली.

वासंती त्याच्याकडे बघतच राहिली. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

“सकाळी मी तुम्हाला बोलावलं,” ती म्हणाली. “हातातलं उरकतो म्हणालात.”

“हो.”

“काही उरकायचं होतं?”

“नाही.”

“मग काय केलंत?”

“समाधीमागं उभा होतो.”

“वाईट वाटलं नाही तुम्हाला?”

त्र्यंबकनं मान खाली घातली. “वाटलं. बरंही वाटलं.”

तिनं यंत्र मिटलं. पिशवीत घातलं. तारा गुंडाळल्या, त्याही घातल्या. मग बुवांच्या पाया पडली.

“जाऊ ना, बुवा?”

“जा, बाई.”

गुरुजींनी बुवांकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं टोपी घालून जीपकडे चालू लागले. वासंती पायरीवर थांबली. मागं न वळता म्हणाली, “त्या सेटिंगचं नाव पुन्हा सांगा.”

त्र्यंबकनं सांगितलं.

तिनं ते मनाशी एकदा घोकलं आणि उतरून गेली. जीपचं दार लागलं. टेकडीच्या वळणावर धूळ उडाली आणि मग तीही बसली.

ओवरीत दोघंच उरले.

त्र्यंबक वाट बघत होता. बुवा आता बोलतील. चालता हो म्हणतील. किंवा, कोण जाणे, खरं बोललास म्हणतील. सांडलेला एक स्क्रू बुवांनी फळीखालून शोधून काढला, फुंकर मारली आणि डबीत टाकला.

“मी मठ सोडू?” त्र्यंबकनं विचारलं.

“कुठं जायचंय तुला?”

“कुठंच नाही.”

“मग?”



त्र्यंबकनं ठरवलं होतं, आता काही विचारायचं नाही. विचारण्याचं तोंडच उरलं नव्हतं. पण ते आतून वर येत होतं. आज कबूल केल्यावरही येत होतं, किंबहुना कबूल केल्यामुळं जास्तच. इतकं खरं बोललो मी. तिला जमलं असतं का? आता तरी...?

“बुवा, एक विचारू?”

“हं.”

“खरं सांगाल?”

“बघू.”

“तुमच्या मनात...” त्याचा आवाज फाटला. “तुमच्या मनात आधी कोण? ती, की मी?”

बुवांनी डबीचं झाकण लावलं. उठले, ओवरीच्या कडेला गेले, आणि डोळ्यांवर हात धरून खाली वळणाच्या रस्त्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

“आत्ता?” ते म्हणाले. “आत्ता मनात त्या जीपचं मागचं चाक आहे बघ. हवा कमी वाटली मला.”